घरी बनवलेला रेडिओ : ८०७ व्हॉल्व्हपासून आजच्या किटपर्यंत नक्की काय बदललं?

उद्यमनगरी

"होमब्रू (घरी संच बनवणं) संपलं" हे वाक्य हॅम मंडळी जमली की हमखास ऐकू येतं. म्हणणारे बहुतेक माझ्याच वयाचे, साठीला टेकलेले. मला ते पटत नाही म्हणून हा धागा काढतोय. बनवणं संपलेलं नाही, अडायची जागा बदलली आहे. आमच्या वेळी भाग मिळायचे नाहीत आणि मोजायला हातात काही नसायचं. आता भाग कुरिअरनं दारात येतात, मोजायचं यंत्र खिशात मावतं, तरी पोरं अडतातच. फक्त दुसरीकडं.

ज्यांना हा नाद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, म्हणजे स्वतःच्या संचावरून, ठरवून दिलेल्या बँडवर, धंद्याशिवाय जगभर बोलायचा परवाना. तो दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन देते. आमच्या वेळी ग्रेड टूला मोर्स (टिंब-रेघांची तारभाषा) मिनिटाला ५ शब्द आणि ग्रेड वनला १२. भारतात हे १९२१ च्या सुमारास कलकत्त्याकडं सुरू झालं. अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस ही पहिली नावं.

मी आलो ट्रान्झिस्टरच्या काळात. एसएल-१००, बीएफ-१९५, बीसी-१४८ हे ट्रान्झिस्टर आमचे सवंगडी. आयएफटीचा (जुन्या रेडिओतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा) डबा उघडायचा, आतली केसासारखी तार सोडवायची आणि मोजून वेढे घालायचे. तार कुठून? कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून. तो वजनावर द्यायचा आणि "एवढ्याशा तारेत कुठली मोटर बांधतोस?" म्हणून हसायचा. अ‍ॅल्युमिनियमचा चेसिस तिथंच पुढच्या गल्लीत वाकवून मिळायचा. ज्या गावात इंजिनाचे सुटे भाग ओतून निघतात तिथं पत्र्याला चार भोकं पाडायला काय लागतं!

माझ्या मते खरी कलाटणी १९८२ साली आली. एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला आणि पुढच्या काही वर्षांत टीव्ही दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल दिसायला लागला. पाल पद्धतीत रंगासाठी तो लागतोच. आम्हाला मात्र त्यातून एसएसबीचा (कमी जागेत आवाज पाठवायच्या पद्धतीचा) फिल्टर मिळाला. सारख्या वारंवारतेचे चार क्रिस्टल निवडून ओळीत लावले की लॅडर फिल्टर तयार. त्याआधी तसला फिल्टर बाहेरून आणायचा म्हणजे आयात परवाना, कस्टम आणि परदेशात एखादा मामा.

आमच्यातले ज्येष्ठ आबा ऐकत असतील तर त्यांनी ट्रान्झिस्टरच्या आधीचं सांगावं.

तांबडा_पांढरा

भावा, वाचायला भारी वाटलं, पण सरळ विचारतो. खिशात फोन आहे, व्हिडिओ कॉल फुकट आहे. मग तारा गुंडाळून अमेरिकेतल्या माणसाला "तुझा आवाज ५९", म्हणजे खणखणीत, हे सांगण्यात काय मजा? चिडू नका, खरंच विचारतोय.

आबा_८०७

ऐकतोय रे, ऐकतोय. नातवानं टाइप करायला शिकवलंय, हळूहळू लिहितो.

तांबडा, तुझा फोन चालतो त्यात तुझा हात किती? तेवढंच उत्तर. आता आमच्या काळाचं.

१९३९ ला युद्ध सुरू झालं तसे सरकारनं हॅमचे परवाने थांबवले आणि संच जमा करून घेतले. ते आमच्या आधीच्या पिढीनं सोसलं. पण युद्ध संपल्यावर त्याच युद्धानं आम्हाला माल पुरवला. बीसी-३४८ रिसीव्हर, नंबर १९ सेट, विमानातले कमांड सेट, सगळं लष्करी भंगारातून बाजारात आलं. मी साठच्या दशकात सुरुवात केली तेव्हासुद्धा मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात हे संच किलोवर मिळायचे. सेट जसाच्या तसा वापरणारे थोडे. बाकी आम्ही सगळे कसाई. गँग कंडेन्सर काढ, चोक काढ, मीटर काढ.

माझा पहिला ट्रान्समीटर म्हणजे ६व्ही६ चा ऑसिलेटर आणि पुढं ८०७. हा ८०७ म्हणजे डोक्यावर टोपी असलेला व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी), अ‍ॅनोडची जोडणी वरून. फिलामेंटला ६.३ व्होल्ट, ०.९ अँपियर. अ‍ॅनोडला ६०० व्होल्ट. त्या ६०० व्होल्टनं कितीजणांना शहाणं केलं त्याची गणतीच नाही. एक हात पाठीमागं ठेवून काम करायचं, ही पहिली शिकवण. कंडेन्सरवर ब्लीडर रेझिस्टर (साठलेली वीज उतरवणारा) नसेल तर गुरुजी संचाला हात लावू द्यायचे नाहीत.

८०७ मिळायचा कुठं? लाउडस्पीकरवाल्यांकडं! त्यांच्या काही जुन्या अ‍ॅम्प्लिफायरात ८०७ ची जोडी असायची. मांडवात आवाज फाटायला लागला की त्यांनी काढलेला व्हॉल्व्ह आम्हाला चालायचा. त्याच अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा लावून मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर आवाज चढवणं. त्यामुळं आमच्या एएमला गणपतीच्या मांडवाचा गंध असायचा म्हण.

आणि मोजायचं कसं? डमी लोडला, म्हणजे अँटेनाच्या जागी, १०० वॉटचा बल्ब. बोललं की बल्ब उजळायचा, गप्प बसलं की मंद. ट्यूबलाइट टँक कॉइलजवळ नेली की आपोआप पेटायची. वेव्हमीटर म्हणजे तारेचा एक वेढा आणि टॉर्चचा बल्ब. ग्रिड डिप मीटर (कॉइल कुठल्या वारंवारतेवर बसली ते दाखवणारा) आमच्या ओळखीत एकच होता आणि तो सायकलवरून मिरज, सांगली, कोल्हापूर असा फिरायचा. मीटर आणायला गेलं की चहा, चहाबरोबर दोन तास, आणि त्या दोन तासांत जे कळायचं ते छापलेलं कुठं सापडलं नाही.

एएम वाया जाणारा प्रकार आहे हे आम्हालाही कळत होतं. पूर्ण मॉड्युलेशनला दोन तृतीयांश शक्ती नुसत्या कॅरियरमध्ये (आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीत), आणि कॅरियरमध्ये बोलणं काहीच नाही. एसएसबीत कॅरियर नाही, एकच बाजूपट्टी, जागाही अर्ध्याहून कमी. पण फिल्टर कुठला आणणार? म्हणून आपल्याकडं घरगुती एएम इतकी वर्षं तगला. आवड म्हणून नव्हे, क्रिस्टल नव्हते म्हणून.

शाहूपुरी_किट

आबा, नमस्कार. हे सगळं लिहून ठेवा हो, प्लीज.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या संचातला व्हीएफओ (वारंवारता ठरवणारा, फिरवता येणारा भाग) म्हणजे एसआय-५३५१ नावाची नखाएवढी चिप. २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालते, ८ किलोहर्ट्झपासून १६० मेगाहर्ट्झपर्यंत काहीही देते, तीन आउटपुट. अर्डुइनो नॅनोतून दोन तारांवर आज्ञा द्यायच्या. तुमच्या वेळचं ड्रिफ्ट (वारंवारता आपोआप सरकण्याचं) प्रकरण मी फक्त ऐकलंय.

पण "आयतं मिळतं" असं म्हणू नका. चिप चौकोनी लाट देते, म्हणजे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले नको असलेले सिग्नल) भरपूर. ७.१ ला प्रसारण केलं तर तिसरी हार्मोनिक २१.३ मेगाहर्ट्झ, थेट १५ मीटर बँडवर (बँडचं नाव लहरीच्या लांबीवरून). लो-पास फिल्टर लागतोच आणि तो टोरॉइडवर (बांगडीसारख्या गाभ्यावर) हातानंच गुंडाळावा लागतो. बाकी माझं काम कोडमध्ये आहे. एन्कोडर भरभर फिरवला तर पायरी मोठी, सावकाश फिरवला तर १० हर्ट्झ. हे मी लिहिलंय. मग हे होमब्रू नाही का?

आबा_८०७

लिहिलंस ते खरं. पण त्या चिपच्या पोटात काय आहे ते तू कुठं बनवलंस, बाळा?

शाहूपुरी_किट

आबा, तुम्ही तरी ८०७ ची काच कुठं फुगवली होती?

उद्यमनगरी

😀 आबा, बसली बरं का.

आबा_८०७

बसली. कॉलेजला जातोय ते वाया नाही.

उद्यमनगरी

या दोघांच्या मधली एक पायरी सांगायची राहिली. तिच्याशिवाय आजचं काही कळणार नाही.

२००३ साली हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स-२० चा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. १४ मेगाहर्ट्झचा, साधारण ६ वॉटचा, पूर्ण एसएसबी संच. त्यात अशी एकही वस्तू नव्हती जी भारतातल्या टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मिळणार नाही. फिल्टरला १० मेगाहर्ट्झचे कॉम्प्युटरातले क्रिस्टल. ४ मेगाहर्ट्झचा व्हीएफओ, १० आणि ४ मिळून १४. शेवटच्या टप्प्याला आयआरएफ-५१०, जो मुळात पॉवर सप्लायच्या स्विचिंगसाठी बनलेला मॉसफेट. टोरॉइड मिळत नाहीत? मग नळाचा वॉशर घ्या आणि त्यावर गुंडाळा. हे मी गमतीनं सांगत नाही, मूळ आराखड्यातच आहे. कॉइलला तेवढाही गाभा पुरतो कारण तिथं वॉशरचं काम फक्त वेढे गोल धरून ठेवायचं.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारे अ‍ॅम्प्लिफायर. ऐकताना सिग्नल डावीकडून उजवीकडं, बोलताना उजवीकडून डावीकडं, फिल्टर आणि मिक्सर तेच. निम्मे भाग वाचले. काटकसरीतून आलेला इतका देखणा आराखडा मी दुसरा पाहिला नाही, आणि तो जगभर बांधला गेला, नुसता आपल्याकडं नव्हे.

पुढं २०१६ च्या सुमारास बिटएक्स-४० तयार बोर्डाच्या रूपात आला आणि २०१७ च्या अखेरीस मायक्रो-बिटएक्स : ३ ते ३० मेगाहर्ट्झ, १० वॉट, पहिला आयएफ (संचातली मधली वारंवारता) ४५ मेगाहर्ट्झ. बोर्ड जोडून येतो. आपण डबा करायचा, स्विच-सॉकेट लावायचे. इथं काही मंडळींनी नाक मुरडलं. पण तोच बोर्ड घेऊन लोकांनी स्क्रीन बदलले, कोड नव्यानं लिहिला, फिल्टर सुधारले. बनवणं शेवटून सुरू झालं एवढंच. आम्ही कच्च्या मालापासून चालत संचापर्यंत पोचायचो, ही पोरं चालू संच घेऊन आत शिरतात.

मला त्यात एकच खटकतं. चालू संच बिघडला की आत शिरायचा धीर अजून कमी जणांना आहे. आयआरएफ-५१० उडाला तर तो काही रुपयांचा भाग, पण लोक बोर्डच बाजूला ठेवतात. बायस (मॉसफेटचा स्थिर प्रवाह) वाढवून ठेवला, अँटेना न लावता बोललं, की तो जाणारच. घाऊक दहा आणून ठेवावेत.

मागवाला

इचलकरंजीहून रामराम. पोरं आता दुसरीकडं अडतात म्हणालात ना, कुठं? मी सांगतो. गोंगाटात.

तुम्ही भाग आणि कोडवर बोलताय, पण बँड ऐकू तर आला पाहिजे. २००० नंतरचं लोडशेडिंग आठवतंय? गाव अंधारात आणि आम्ही १२ व्होल्टच्या बॅटरीवर ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्झचा) बँड ऐकत बसायचो. मीटरचा काटा खालून हलायचा नाही, आणि पार ऑस्ट्रेलिया-जपान ऐकू यायचे. वीज आली की बायकापोरं खूश, आम्ही नाराज.

आता वीज जात नाही. घरात एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे स्वस्त चार्जर, शेजाऱ्याच्या गच्चीवर सोलर इन्व्हर्टर, आणि आमच्या गावात त्यात भर म्हणून मागांच्या मोटरींना लावलेले वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. जुना साधा माग खडखडायचा, पण रेडिओत फार येत नव्हता. नवा माग कानाला शांत आणि रेडिओत सिग्नल मीटरचा काटा एस-९ वर. एक एस युनिट म्हणजे ६ डेसिबल, तेव्हा एस-२ चा बँड एस-९ झाला म्हणजे ४२ डेसिबल गेले. आबांचा ८०७ दोनदा रांगेत लावला तरी भरून निघणार नाही.

नव्या पोरांना एक उपाय सांगतो, आधी हाच करा. संच बॅटरीवर लावा, घराचा मेन बंद करा. गोंगाट पडला तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा. माझ्याकडं तो देवघरातल्या एलईडी माळेत निघाला. आईला समजवायला जास्त वेळ गेला.

चिमणी_अँटेना

मागवाले दादा, देवघराची माळ आमच्याकडंही! 😂

मी राजारामपुरीत फ्लॅटमध्ये राहते. गच्ची सोसायटीची. त्यामुळं माझं होमब्रू म्हणजे मुख्यतः अँटेना. ४० मीटरचा डायपोल म्हणजे १४३ भागिले ७.१, साधारण २०.१ मीटर तार, मधोमध फीडर. एवढी सरळ तार कुठल्या फ्लॅटवाल्याला मिळते? म्हणून टोकाकडून दिलेली तार, त्याला ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर. तो फेराइटवर मी स्वतः गुंडाळते. सुरुवातीला जुन्या कॉम्प्युटर सप्लायमधला पिवळा-पांढरा टोरॉइड वापरायचा मोह सगळ्यांना होतो. तो घेऊ नका. ते लोखंडी पावडरचं २६ नंबरचं मिश्रण, एचएफला (३ ते ३० मेगाहर्ट्झला) गरम होऊन शक्ती खातं. ४३ नंबरचं फेराइट घ्या.

मला काय बदललं हे विचाराल तर माझं उत्तर सोल्डरिंग आयर्नचं नाही, नॅनोव्हीएनए या अँटेना मोजायच्या यंत्राचं आहे. एका जपानी हौशी माणसानं आराखडा केला आणि २०१९ पासून त्याच्या स्वस्त आवृत्त्या सगळीकडं झाल्या. ५० किलोहर्ट्झपासून ९०० मेगाहर्ट्झपर्यंत अँटेना कशी वागते ते पत्त्याच्या कॅटएवढ्या पडद्यावर दिसतं. पूर्वी असलं यंत्र फक्त प्रयोगशाळेत, लाखोंत.

यानं झालं काय, तर वाद मिटले. आधी एखादे ज्येष्ठ काका आले, "तुझा बलून (अँटेना आणि फीडर जोडणारा ट्रान्सफॉर्मर) चुकलाय" म्हणाले, की ऐकून घ्यावं लागायचं. त्यांचा अनुभव मोठा, माझ्याकडं पुरावा नाही. वर मी बाई, म्हणजे आवाजात जरा जास्तच समजावणी. आता मी आलेख पुढं ठेवते. काकांचं बरोबर असेल तर तेही दिसतं, आणि बऱ्याचदा असतंही. पण ठरवतो आलेख, वय नाही.

आबा, तुम्हाला उद्देशून नाही हं.

आबा_८०७

मला उद्देशून असलं तरी चालेल, ताई. आमच्या गुरुजींना कुणी असा आलेख दाखवला असता तर त्यांनी आधी मिशीला हात लावला असता आणि मग रात्री गुपचूप बलून सोडून पुन्हा बांधला असता.

पण सायकलवर फिरणाऱ्या त्या मीटरनं माणसं भेटायची. तुझं यंत्र तुझ्याच घरी. आता तूच सांग, तुझ्या गल्लीत दुसरा हॅम कोण?

चिमणी_अँटेना

माहीत नाही. खरं आहे.

शाहूपुरी_किट

आबा, भेटतात हो, पण वेगळ्या तऱ्हेनं. एफटी-८ ही कॉम्प्युटरवरून निरोप पाठवायची पद्धत घ्या ना.

आबा_८०७

एफटी-८ चं नाव काढू नकोस. कॉम्प्युटर कॉम्प्युटरशी बोलतो, माणूस चहा पितो. नाव नाही, गाव नाही, हवामान नाही. त्याला मी क्यूएसओ, म्हणजे दोन हॅमचं बोलणं, म्हणणार नाही.

शाहूपुरी_किट

म्हणू नका, पण त्यात किती डोकं आहे ते तरी बघा. ती पद्धत जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणली. टेलर म्हणजे दुहेरी पल्सारसाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. आयुष्य गोंगाटातून क्षीण सिग्नल काढण्यात गेलं, तेच हॅमला दिलं. दर १५ सेकंदांचा एक डाव, फक्त ५० हर्ट्झ रुंदी, आणि कानाला अजिबात ऐकू येत नसलेला सिग्नल ओळखतो. मागवाले दादांच्या एस-९ गोंगाटातही माझं अर्ध्या वॉटचं काम होतं.

आणि होमब्रूवाल्यांना हे सोयीचं आहे. एसएसबीसाठी रेषीय अ‍ॅम्प्लिफायर लागतो, यात नाही. एसआय-५३५१ थेट सूर बदलतो, पुढं दोन-तीन बीएस-१७० मॉसफेट समांतर, लो-पास फिल्टर, झालं. संध्याकाळी बसलो तर ट्रान्समीटर उभा राहतो. मोर्सचा ट्रान्समीटर साधा असायचा, तसाच हा आजचा साधा ट्रान्समीटर.

उद्यमनगरी

इथं मी पोराच्या बाजूनं. मोर्स लोकप्रिय का होता? कमी भागांत जास्त पल्ला. हेही तेच. आबांना चुकल्यासारखं वाटतं ते गप्पांचं, आणि ते मलाही वाटतं. त्यासाठी सकाळची ४० मीटरची नेट (ठरल्या वेळी सगळ्यांनी एकत्र बोलणं) आहे. दोन्ही करावं.

तांबडा_पांढरा

नेटवर गप्पा, ठीक. पण उपयोग? २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता, आंबेवाडी-चिखली पाण्यात. तेव्हा असलं काही कामाला आलं असतं का? का हे सगळं छंदापुरतंच?

पन्हाळ्याचा_उतार

याचं उत्तर मी देतो, व्हीएचएफ (३० मेगाहर्ट्झच्या वरचे, साधारण नजरेच्या टप्प्यात चालणारे बँड) माझा विषय.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण पुरात रेडिओ म्हणजे सिनेमातली सुटका नव्हे. मोबाइल टॉवरची बॅटरी संपते, डिझेल पोचत नाही, तेव्हा "अमुक ठिकाणी इतकी माणसं, इतकं दूध, इतकी औषधं" हे दोन ओळींचे निरोप पोचवायला एक जागा लागते. तेवढंच. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी अंदमानातच होते. सगळं तुटल्यावर पोर्ट ब्लेअरहून त्यांचा संच बोलत राहिला. छंदासाठी नेलेलाच संच होता तो.

आता आपला भूगोल. पन्हाळा समुद्रसपाटीपासून ३,१०० फुटांच्या आसपास, म्हणजे खालच्या सपाटीपेक्षा साधारण ४०० मीटर उंच. व्हीएचएफचं क्षितिज काढायचं सूत्र सोपं : उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ नं गुणा. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे ८० किलोमीटरच्या वर. सांगली, इचलकरंजी, शिरोळ सगळं आवाक्यात, ५ वॉटच्या हातातल्या संचावर. हे निसर्गानं फुकट दिलेलं टॉवर आहे. पण दरीत, नदीकाठच्या घरांमागं, पश्चिमेला गगनबावड्याकडं सावली पडते. तिथं ४० मीटरवर डायपोल मुद्दाम खाली, दहा-पंधरा फुटांवर टांगायचा. लहरी सरळ वर जाऊन परत खाली येतात, डोंगर आड येत नाही.

तांबडा_पांढरा

थांब. वर जाऊन परत येतात म्हणजे कशाला आपटून?

पन्हाळ्याचा_उतार

आयनोस्फिअर. सूर्यानं विद्युतभारित केलेले वरचे थर. दिवसा सगळ्यात खालचा डी थर शक्ती शोषतो, रात्री तो विरतो, म्हणून मीडियम वेव्हची लांबची स्टेशनं रात्रीच लागायची. आपल्या शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार आहे, १.९८ मेगाहर्ट्झचं, ८० किलोमीटरच्या वरचे वारे मोजायला. आम्हा हॅमच्या १६० मीटर बँडच्या अगदी शेजारी. कोल्हापूरचं नाव आयनोस्फिअरच्या शोधनिबंधांत कसं येतं याचं उत्तर ते.

जाता जाता उपग्रहाचं. ५ मे २००५ ला पीएसएलव्ही-सी६ वरून इस्रोनं हॅमसाठीचा हॅमसॅट सोडला. दोन ट्रान्सपाँडर (आलेला सिग्नल परत खाली पाठवणारे), त्यातला एक आपल्याकडं बनलेला आणि दुसरा एका डच विद्यार्थी हॅमनं बनवलेला. २०१४ पर्यंत चालला. हातात बूमच्या पट्टीवर टेपमेजरच्या पात्यांची यागी अँटेना धरून गच्चीवर उभं राहायचं, शेजारी विचारायचे टीव्ही बिघडला का.

आता हॅमसाठी क्यूओ-१०० उपग्रह आहे, भूस्थिर, २५.९ अंश पूर्वेला. कोल्हापुरातून पश्चिमेला किंचित दक्षिणेकडं, क्षितिजापासून ३२ अंशांच्या आसपास. नुसतं ऐकायला जुनी डीटीएचची डिश पुरते. एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा रिसीव्हर) मात्र पीएलएलचा, म्हणजे वारंवारता स्थिर धरणारा, घ्या, साध्याची वारंवारता उन्हात सरकते. उपग्रहाच्या १०,४८९.७५ मेगाहर्ट्झमधून एलएनबीचे ९,७५० वजा केले की ७३९.७५ मेगाहर्ट्झ, ते टीव्हीच्या जुन्या यूएसबी डोंगलवर कॉम्प्युटरात. हा डोंगल रेडिओ म्हणून वापरता येतो हे २०१२ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, तेव्हापासून रिसीव्हरची किंमत पडलीच. आपला दुपारचा आराम मोडून युरोपातली माणसं घरात बोलतात. मी यात काय बनवलं? डिशचा कंस, एलएनबीला वीज पोचवणारं एक छोटं सर्किट आणि खूप दिशादर्शन.

कागल_फाटा

मी नवीन. परवान्याचा अभ्यास चालू आहे. तोपर्यंत ऐकायला काहीतरी स्वतः बनवायचं आहे. डोंगल नको, बोटं भाजली पाहिजेत. काय करू?

उद्यमनगरी

शाब्बास. ४० मीटरचा डायरेक्ट कन्व्हर्जन (सिग्नल थेट आवाजात बदलणारा) रिसीव्हर कर, पोल्याकोव्ह मिक्सरचा.

दोन १एन४१४८ डायोड एकमेकांना उलटे समांतर जोडायचे. व्हीएफओ ७ वर नव्हे, त्याच्या निम्म्यावर, ३.५५ मेगाहर्ट्झवर चालवायचा. दोन्ही डायोड आळीपाळीनं प्रत्येक अर्ध्या लाटेला उघडतात, म्हणून एका फेरीत दोनदा, म्हणजे परिणाम ७.१ चा. फायदे दोन : निम्म्या वारंवारतेचा व्हीएफओ स्थिर ठेवणं सोपं, आणि जोरदार एएम स्टेशन कमी घुसतं. आमच्या वेळी सांगली आकाशवाणीचं १२५१ किलोहर्ट्झ असल्या साध्या रिसीव्हरात न बोलावता यायचं, त्यावर हा उतारा. पुढं एक कमी गोंगाटाचा ट्रान्झिस्टर आणि आवाज वाढवणारी एलएम-३८६ चिप. बोर्ड करू नको, कोऱ्या तांब्याच्या पत्र्यावर तुकडे चिकटवून जोड. फेरिक क्लोराइडचे डाग आईच्या फरशीवर नकोत.

कॉइल पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर. तार उद्यमनगरातून घे, २२ ते २६ गेजची कुठलीही. वेढे घट्ट, वरून नेलपॉलिश. व्हीएफओला पंखा लागू देऊ नको, एप्रिल-मेमध्ये दुपारी ड्रिफ्ट मोजायला बसू नको.

शाहूपुरी_किट

आणि कंटाळा आला की व्हीएफओच्या जागी माझी चिप लाव. कोड पाठवतो.

आबा_८०७

आधी व्हीएफओ कर. हातानं फिरवलेल्या कंडेन्सरनं स्टेशन कसं सापडतं आणि कसं निसटतं ते एकदा अनुभव. मग चिप लाव, मी काही बोलणार नाही. कागल म्हणजे काही लांब नाही, रविवारी नातू गाडीवर आणून सोडेल. गँग कंडेन्सर घेऊन येतो, लष्करी सेटमधला आहे, बेअरिंग अजून लोण्यासारखं. परत मात्र मागेन हं.

कागल_फाटा

आबा, या की! घरी सगळे वाट बघतील.

तांबडा_पांढरा

आबा, मीही आलो तर चालेल का? बनवणार काही नाही, बघायला.

आबा_८०७

ये. पत्रा धरायला माणूस लागतोच.

मागवाला

कागल, व्हीएफओला स्टायरोफ्लेक्स कंडेन्सर लागतील, सिरॅमिक डिस्क लावू नको, गरम झाले की सरकतात. माझ्याकडं जुन्या टीव्हीतले डबाभर पडलेत. शनिवारी यार्नची गाडी कागल एमआयडीसीला जाते, ड्रायव्हरकडं देतो. बऱ्याच जणांवरचे आकडे पुसलेत, ताईंच्या नॅनोव्हीएनएवर मोजून घ्या.

चिमणी_अँटेना

मग मीही येते रविवारी. यंत्र आणि ४३ नंबरची दोन फेराइट. पत्ता कुणीतरी मेसेज करा.